भुंगा: साडेतीन वर्षं रोज रात्री (जवळजवळ) वापरलेल्या इन्फ्युजन पंपाचा रिव्ह्यू

घुर्र. मग तीन-चार मिनिटं काही नाही. मग परत घुर्र. आमच्या बेडरूममध्ये हा आवाज साडेतीन वर्षं रात्रभर होता आणि लेकीने, तेव्हा ती अडीच वर्षांची होती, पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव भुंगा ठेवून टाकलं. कंपनीने ठेवलेलं नाव बरंच भारदस्त आहे, अक्षरं आणि आकडे वगैरे, पण ते मी इथे लिहीत नाही कारण पुढे त्यांच्या सर्व्हिसबद्दल कुरकुर येणार आहे आणि मला नोटीस-बिटीस नकोय. शिवाय या टाईपचे पंप थोड्याफार फरकाने सारखेच असतात, त्यामुळे नाव नसलं तरी तुमचं काम अडणार नाही.

रिव्ह्यू कोणासाठी, तर ज्यांच्या घरी थॅलेसेमिया मेजरचं मूल आहे (जन्मजात आजार, शरीर पुरेसं चांगलं रक्त बनवू शकत नाही) आणि डॉक्टरांनी आत्ताच सांगितलंय की आता डेस्फेरालचा, म्हणजे अंगातलं जास्तीचं लोह काढणाऱ्या औषधाचा, पंप सुरू करूया. तुम्ही तो खोका घरी आणाल, उघडाल, एक चौकोनी डबी, एक पट्टा, एक पाउच आणि मुंगीएवढ्या अक्षरांचं पुस्तक बघाल आणि दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसाल. आम्ही बसलो होतो. तेव्हा कोणीतरी असं साध्या भाषेत लिहून ठेवलेलं असतं तर निदान पहिले सहा महिने सोपे गेले असते. आणि हो, मी डॉक्टर नाहीये, डोस-बिस तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, मी फक्त डबीबद्दल आणि डबीच्या आजूबाजूच्या घराबद्दल बोलतोय.

थोडं मागचं. लेक सात महिन्यांची असताना पांढरीफटक दिसायला लागली, आम्हाला वाटलं गोरी होतेय, आजी तर खूषच होती. हिमोग्लोबिन निघालं ५.२. मग एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी), मग आम्हा दोघांच्या तपासण्या, दोघांचंही एचबीएटू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ३.५ टक्क्यांच्या वर, म्हणजे दोघंही मायनर, एकेकच बिघडलेला जीन असलेले, आणि दोघांनाही आयुष्यात त्याचा काही त्रास नाही म्हणून कधी कळलंच नाही. तिला माझ्याकडून एक बिघडलेला जीन आला आणि हिच्याकडून एक. दोघं मायनर असले की प्रत्येक वेळी चारात एक चान्स असतो मेजरचा. नातेवाइकांमध्ये 'कोणाच्या घरातून आलं' हा विषय काही दिवस चालला, मी रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढून दाखवल्या, इकडून अर्धं तिकडून अर्धं, बसा. विषय संपला नाही पण आवाज कमी झाला.

मग दर तीन आठवड्यांनी रक्त चढवणं सुरू. त्याची सवय होते, खरंच होते, तीन-चार तासांचं काम, हॉस्पिटलच्या डे केअरला आपला कोपरा ठरतो, सिस्टर ओळखीच्या होतात. रक्त मिळालं की दोन दिवसांत पोरगी उड्या मारते. पण जे कोणी पहिल्या दिवशी नीट सांगत नाही (किंवा सांगतात आणि आपल्या डोक्यात शिरत नाही) ते हे की रक्त हा उपचाराचा अर्धाच भाग आहे. प्रत्येक रक्तासोबत लोह आत येतं, मोठ्या माणसाच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम, आणि शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकायची काही सोयच नाहीये, दिवसाला जेमतेम एखादा मिलिग्रॅम आपोआप जातो तेवढाच. उरलेलं साठत जातं, लिव्हरमध्ये, हार्टमध्ये, वाढीच्या हार्मोन्सच्या ग्रंथींमध्ये. म्हणजे ज्याने ती जगते तेच हळूहळू तिला त्रास देणार. हे पहिल्यांदा नीट कळलं त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीत अर्धा तास नुसता बसून होतो.

तर हे साठलेलं लोह औषधाने पकडून बाहेर काढणं म्हणजे चिलेशन. आम्हाला आधी गोळीच दिली होती, डेफेरासिरॉक्स, पाण्यात विरघळवून द्यायची ती. पण तिला उलट्या, पोट बिघडणं, वर क्रिएटिनिन (किडनीवर ताण आहे का ते सांगणारं रक्तातलं माप) वाढायला लागलं म्हणून डॉक्टरांनी ती थांबवली आणि म्हणाले आता जुनी पद्धत, डेस्फेराल. जुनी म्हणजे खरंच जुनी, हे औषध १९६० च्या दशकापासून वापरात आहे आणि ते मुळात मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं होतं. त्याची अडचण एकच, ते रक्तात टिकत नाही. सुरुवातीला वीसेक मिनिटांतच अर्धं निघून जातं. एकदम इंजेक्शन दिलं तर थोडंसं लोह पकडणार आणि शूवाटे पसार. म्हणून ते कातडीखाली थेंब थेंब, आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच ते सात रात्री द्यायचं. आणि ते थेंब थेंब सोडणारं यंत्र म्हणजे आमचा भुंगा.

आता डबीबद्दल.

चांगलं आधी. दणकट आहे. साडेतीन वर्षांत पलंगावरून किमान तीस वेळा पडला असेल, एकदा बादलीत पडता पडता वाचला, बॉडीला एक चीर सोडून काही झालं नाही. हलका आहे, पाउचमध्ये घालून कमरेला बांधला की लहान मूल कुशीवर झोपू शकतं, आणि झोपलं नाही तर तसंच घरभर फिरूही शकतं, लेक भुंगा कमरेला लावून गाडी-गाडी खेळायची. बॅटरी ती चौकोनी साधी, कुठेही मिळते, आम्हाला दोन-दोन महिने जायची. बटणं कमी. म्हणजे एकच बटण आहे खरं तर, आणि वेग फिरवायला दोन छोटे खाचे ज्यात स्क्रूड्रायव्हर घालावा लागतो. मला आधी हे मागास वाटलं, नंतर कळलं की तीन वर्षांच्या मुलीच्या हाताला न फिरणारा खाचा हीच सगळ्यात भारी सेफ्टी आहे.

आता वाईट, आणि यातला पहिला मुद्दा प्लीज नीट वाचा कारण आम्ही यात महिनाभर गंडलो होतो.

या टाईपच्या पंपाचा वेग मिलिलिटरमध्ये नसतो, मिलिमीटरमध्ये असतो. म्हणजे पंपाला औषध किती आहे ते कळतच नाही, त्याला फक्त सिरिंजचा दट्ट्या ताशी किती मिलिमीटर ढकलायचा ते कळतं. आमच्याकडे औषध भरल्यावर ७ मिली व्हायचं, पट्टी लावून मोजलं की सिरिंजमध्ये त्याची लांबी ४२ मिलिमीटर, वेग ४ ला लावला की साडेदहा तास, रात्री नऊला लावला की सकाळी साडेसातला संपला, छान. सिस्टरने एकदा मोजून दिलं आणि आम्ही तो ४ आकडा देवाचं नाव असल्यासारखा धरून बसलो. मग एकदा मेडिकलवाल्याकडे नेहमीच्या सिरिंज संपल्या होत्या, त्याने दुसऱ्या कंपनीच्या दिल्या, त्याही १० मिलीच्याच. आणि भुंगा सकाळी सहालाच कोकलायला लागला. एक दिवस, दोन दिवस, रोज. वर सुई लावतो तिथे आधीपेक्षा जास्त लाल, पोरगी म्हणते खाजतंय. मी ठरवून टाकलं पंप बिघडला. कंपनीला फोन, मेल, फोटो. त्यांनी सांगितलं पंप बरोबर आहे. मी आणखी भडकलो.

पकडलं कोणी, तर बायकोने. ती एका रात्री माझ्या पुतण्याच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन दोन्ही सिरिंज शेजारी शेजारी धरून बसली, जुनीत ७ मिली म्हणजे ४२ मिलिमीटर, नवीत ७ मिली म्हणजे ३६. नवी सिरिंज थोडी जाड होती, त्यामुळे तेवढंच औषध कमी लांबीत मावत होतं. पंप बिचारा इमानदारीत ताशी ४ मिलिमीटर ढकलत होता, पण त्या चार मिलिमीटरमध्ये आता जास्त औषध जात होतं. साडेदहाच्या जागी नऊ तास. नशीब एवढ्यावरच होतं. पुस्तकात हे लिहिलेलं आहे का? आहे. पान एकोणीसवर, राखाडी चौकटीत, बॅटरी कशी बदलायची त्याच्या खाली. माझं म्हणणं एवढंच की ही ओळ पंपाच्या अंगावर लाल स्टिकर करून लावायला पाहिजे. आम्ही आमच्या पंपावर पेनाने सिरिंजच्या कंपनीचं नाव आणि '४२ मिमी' असं चिकटपट्टीवर लिहून लावलं आणि वजन वाढून डोस बदलला की चिकटपट्टीही बदलायची. अर्धा स्टार इथे कापला.

दुसरा मुद्दा अलार्म. औषध संपलं तरी तोच आवाज, नळी कुठे दबून अडकलं तरी तोच आवाज. रात्री दोनला टीं टीं टीं झालं की उठायचं, लाईट न लावता मोबाईलच्या उजेडात नळी शोधायची, पोरगी त्यावर झोपलीये का बघायचं, हळूच पाय उचलायचा, परत चालू करायचा. आणि ज्यावर खरंच अलार्म पाहिजे त्यावर नाहीये, बॅटरी संपत आली की फक्त छोटा दिवा मिचमिचायचा बंद होतो. म्हणजे दिवा लागला तर सगळं ठीक आणि दिवा बंद तर गडबड, आणि रात्रीच्या अंधारात पाउचच्या आतला बंद दिवा कोणाला दिसणार आहे? दोनदा असं झालं की उठून बघतो तर सिरिंज अर्धी भरलेली. खरं सांगायचं तर आम्हाला आवाजाची एवढी सवय झाली होती की दुसऱ्या वेळी मला जाग आली ती शांततेने. घुर्र ऐकू आलं नाही म्हणून उठलो. इथे पूर्ण एक स्टार गेला.

सुया पंपासोबत येत नाहीत, वेगळ्या घ्याव्या लागतात, पण त्याबद्दल लिहिल्याशिवाय रिव्ह्यू अर्धवट राहील कारण पोरीच्या दृष्टीने पंप म्हणजे सुईच. सुरुवातीला बटरफ्लाय वापरली, ती तिरकी घालायची, चिमटीत कातडी धरून, आणि माझा हात पहिले दोन महिने थरथरायचा. नंतर डे केअरमधल्या एका आईने टाचणीसारख्या सरळ बसणाऱ्या छोट्या सुया दाखवल्या, सोबतच गोल चिकटपट्टी असते, सरळ आत, चिकटव, झालं. झोपेत निघायचं प्रमाण एकदम कमी झालं. तुमच्याकडे मिळत असतील तर सरळ त्याच घ्या. बधीर करणारं क्रीम मिळतं, ते तासभर आधी लावून वर प्लास्टिकची पट्टी लावून ठेवायचं, आम्हाला उपयोग झाला, पण क्रीमपेक्षा जास्त उपयोग झाला तो जागा तिने निवडण्याचा. आज पोट डावं, आज मांडी उजवी. रोज जागा बदलावीच लागते नाहीतर गाठी होतात, आणि गाठीत घातलं तर औषध नीट शोषलं जात नाही, तेव्हा हे तिच्यावर सोपवल्याने दोन्ही कामं झाली. बाहुलीलाही एक टोपण घातलेली नळी चिकटवलेली असायची, आधी बाहुली मग ती. आणि पंपाचं बटण फक्त तीच दाबणार. एकदा मी चुकून दाबलं तर बंद करून परत तिच्याकडून दाबून घ्यावं लागलं, पाऊण तास रडारड.

औषध बनवताना एक गोष्ट, पावडरच्या बाटलीत पाणी घातल्यावर जोरात हलवू नका, फेस होतो आणि मग तो फेस सिरिंजमध्ये ओढत बसा. दोन तळहातांमध्ये वळायचं हळूहळू, वात वळतो तसं. हे काम आमच्याकडे आजीने घेतलं. तिला सुई बघवत नाही, ती दुसऱ्या खोलीत जाते, पण बाटली वळून तीच देणार, आणि पाणी किती, बाटल्या किती हे मी दरवेळी तपासणार म्हणून तिला माझा राग.

मग सकाळची शू. औषध काम करतंय याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा हाच, रंग बदलतो, लालसर केशरी होते. पहिल्यांदा आम्ही घाबरलो, रक्त वाटलं. मग लेकीला सांगितलं की बघ, अंगातलं जास्तीचं लोखंड निघालं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली आणि म्हणाली, मग खिळे का नाही दिसत? त्यानंतर रोज सकाळी बाथरूममधून आरोळी, बाबा, लोखंड निघालं! पाहुणे असतील तरी आरोळी.

पंप खरंच काम करतो का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. आमचे आकडे सांगतो. सुरू केला तेव्हा फेरिटिन (अंगात किती लोह साठलंय त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) २६४०. एक वर्षाने १९००. मग पुढच्या आठ महिन्यांत वाढून २३५०. मी लगेच तयार, पंप जुना झाला, औषधाची बॅच खराब, काहीतरी. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, आठवड्यातून किती रात्री लावता? मी म्हणालो, जवळजवळ रोज. खोटं बोलायचं म्हणून नाही बोललो, मला खरंच तसं वाटत होतं. घरी आल्यावर हिने औषधाचा खोका पलंगावर पालथा केला आणि बाटल्या मोजल्या. हिशोबाने आठ उरायला हव्या होत्या. एकतीस होत्या. तेवीस रात्री, एका खोक्यात. एक रात्र लग्नाला गेलो होतो, एक रात्र मला उशीर झाला, एक रात्र ती खूप रडली आणि मला तिला धरून ठेवायचं नव्हतं, एक रात्र तर आठवतंय की काहीही कारण नव्हतं, फक्त कंटाळा आला होता. प्रत्येक रात्र वेगळी वाटते म्हणून मोजली जात नाही. आम्ही कोणी कोणाला काही बोललो नाही, बाटल्या परत भरल्या आणि खोक्याच्या झाकणावर तारखांचा चौकोन आखला.

त्यानंतर दीड वर्षात १३८०. पंप तोच, औषध तेच. म्हणून जेव्हा कोणी लिहितं की पंप लावून फरक पडला नाही, तेव्हा मी आधी विचारतो की उरलेल्या बाटल्या मोजल्यात का. चिडतात लोक, मीही चिडलो असतो. (फेरिटिन एका वेळचं बघून घाबरू पण नका, साधा ताप-सर्दी असली तरी ते वर जातं. आमचे डॉक्टर लागोपाठच्या तीन-चार रिपोर्टची रेघ कुठे चाललीये ते बघतात. मोठी झाल्यावर एमआरआय करून हार्ट आणि लिव्हरमधलं लोह थेट बघणार आहेत.)

एक गोष्ट मात्र कंटाळ्याची नाही, नियमाची आहे. ताप आला की पंप बंद आणि डॉक्टरांना फोन. काही जंतूंना लोहच पाहिजे असतं आणि हे औषध त्यांना ते आयतं पोचवतं, त्यामुळे तापात चालू ठेवलं तर इन्फेक्शन भयंकर वाढू शकतं. त्यात पोटात दुखणं, जुलाब असतील तर अजिबात वाट बघू नका. हे आम्हाला आमच्या सिस्टरने पहिल्या दिवशी तीन वेळा वदवून घेतलं होतं, शाळेतल्या पाढ्यासारखं. दर वर्षी कानांची आणि डोळ्यांची तपासणी, उंचीची नोंद, हेही या औषधासोबत आलंच, डोस जास्त झाला तर ऐकण्यावर आणि वाढीवर परिणाम होऊ शकतो. कानाच्या टेस्टला हेडफोन लावून बसायचं असतं, लेकीला ते फार आवडतं, आवाज नसतानाही हात वर करते, टेस्ट दोनदा करावी लागते.

आता सर्व्हिस. दुसऱ्या वर्षी दट्ट्या ढकलणारा भाग अडकायला लागला. कस्टमर केअरला फोन केला, एकदम गोड आवाज, पाठवून द्या सर, सात दिवसांत होईल. तोवर दुसरा पंप देता का? तशी पॉलिसी नाहीये सर. सात दिवसांचे सतरा झाले. मी रोज फोन करायचो, रोज नवीन माणूस, रोज पहिल्यापासून सगळी कथा, थॅलेसेमिया म्हणजे काय इथपासून. एकाने तर विचारलं, सर रोज रात्री लावणं गरजेचं आहे का? रोज रात्री लावायच्या मशीनच्या कस्टमर केअरमध्ये बसून! दुरुस्ती चांगली केली हे मान्य करतो, नंतर तो त्रास झाला नाही, पण जे यंत्र एक दिवसही बंद राहून चालत नाही त्याला बदली पंप न देणं मला आजही पटत नाही. एवढ्यासाठी वेगळे स्टार कापत नाही कारण डबीची चूक नाही, पण घेण्याआधी हा एकच प्रश्न विचारून घ्या, दुरुस्तीच्या काळात दुसरा देता का, आणि उत्तर लेखी घ्या.

ते सतरा दिवस निघाले ते डे केअरमुळे. शेजारच्या बेडवरच्या मुलाचं बहिणीशी एचएलए (ट्रान्सप्लांटसाठी जुळावी लागणारी पेशींवरची ओळख) जुळलं होतं, सख्ख्या भावंडात चारात एक वेळा जुळतं, आणि त्याचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे आजार मुळातून बरा करू शकणारा उपचार, ठरलं होतं. त्याच्या आईने त्यांचा जुना पंप पिशवीत घालून आणून दिला, घ्या दादा, आम्हाला आता लागू नये. मला त्यावर काय बोलायचं ते सुचलंच नाही. आमची लेक एकटीच आहे. दुसरं मूल, त्याचं पोटात असतानाच टेस्टिंग, जुळेल न जुळेल, या सगळ्यावर आम्ही दोघं कित्येक रात्री भुंग्याच्या घुर्रघुर्रमध्ये बोललोय आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. जीन थेरपी आलीये हेही वाचलंय, काही देशांत मंजूर आहे, आम्ही डॉक्टरांना दर सहा महिन्यांनी विचारतो आणि ते दर सहा महिन्यांनी हसतात.

मधे दोन आठवडे फुग्यावाला पंपही वापरून बघितला. त्याच्यात मोटर नाही, बॅटरी नाही, आत रबराचा फुगा असतो, औषध भरलं की तो फुगतो आणि हळूहळू आकसत औषध सोडतो. एकदम सायलेंट. प्रवासात मस्त. पण एकदाच वापरून फेकायचा, आणि थंडीत हळू चालतो, गरम झाला की जोरात, त्यामुळे सकाळी कधी संपलेला असायचा कधी नाही. लेकीला तो आवडला नाही. कारण विचारलं तर म्हणे हा बोलत नाही.

गेल्या पाच महिन्यांपासून आम्ही परत गोळीवर आहोत. औषध तेच डेफेरासिरॉक्स पण आता वरून कोटिंग असलेली, पाण्यात न विरघळवता गिळायची, आणि लेकीचं पोट बिघडत नाहीये. क्रिएटिनिन दर महिन्याला बघतात, अजून तरी ठीक आहे. कोणाला विरघळणाऱ्या गोळीवरून या गोळीवर जायचं असेल तर स्वतःच्या मनाने तेवढ्याच मिलिग्रॅमची घेऊ नका, या गोळीचा डोस साधारण तीस टक्के कमी असतो. बाकी गोळीचा रिव्ह्यू इतक्यात लिहीत नाही, निदान वर्षभराचे आकडे हातात येऊ देत. एवढं सांगतो की पहिले पंधरा दिवस घरात कोणालाच झोप लागत नव्हती. शांतता फार होती.

तर पाचपैकी साडेतीन. घ्या का? डॉक्टरांनी पंपच सांगितला असेल तर घ्या, बिनधास्त घ्या, यापेक्षा चकाचक स्क्रीनवाले पंप आलेत, त्यात मिलीमध्ये वेग सेट होतो असं ऐकलंय, ते परवडत असतील तर आधी ते बघा. पण सोबत एक चांगली पट्टी, एकाच कंपनीच्या सिरिंजचा स्टॉक आणि दोन जास्तीच्या बॅटऱ्या घरात ठेवा.

आमचा भुंगा विकायचा नाहीये, दोन जणांनी विचारलं म्हणून लिहितोय. डे केअरमध्ये एक पावणेतीन वर्षांचा मुलगा आहे, पुढच्या ट्रान्सफ्युजनला त्याच्या बाबांना तो द्यायचाय. डॉक्टरांशी बोललोय, सिस्टर आधी चालवून आणि मोजून बघणार आहेत. पाउचची शिवण उसवलीये ती आजी शिवून देतेय. चिकटपट्टी काढून नवीन कोरी लावलीये, त्यावर त्यांनी त्यांचे मिलिमीटर लिहायचे. लेक आधी द्यायला तयार नव्हती, काल म्हणाली देऊया, पण त्याला सांगा बटण बाबांना दाबू द्यायचं नाही.